काठाच्या पाण्यातली शाळा



आज बोलायचं आहे तलावातल्या जिवांबद्दल. मोठ्या मासोळीबद्दल नाही, त्याहून लहान जिवांबद्दल. बेडकाची पिल्लं, चतुराच्या अळ्या, गोगलगायी, पाणविंचू. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "बायांनो, कर्जाचे हप्ते, धानाची निंदणी सोडून हे काय खूळ काढलं?" आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण तीन वर्षं झाली, आम्ही बचत गटाच्या बाया आणि अंगणवाडीच्या ताई मिळून गावातल्या मुलांना तलावाकाठी नेतो. पाण्यातले जीव अलगद धरतो, पांढऱ्या भांड्यात ठेवून पाहतो आणि परत सोडतो. मुलं त्यातून शिकली. आम्हीही एक गोष्ट शिकलो, आणि ती ग्रामसभेत कामी आली. ती शेवटी सांगू.

आम्ही पूर्व विदर्भातल्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात गावोगाव जुने तलाव आहेत. ते मालगुजारांच्या ताब्यात होते म्हणून मालगुजारी तलाव, नाहीतर नुसतं मामा तलाव म्हणतात. त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. शेतातल्या लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. धानाचं पाणी, ढिवरांची मासोळी, गुरांचं पिणं, बायांचं धुणं, सगळं याच पाण्यावर. तरी या पाण्यात राहतं कोण, हे आमच्या मुलांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं.

पहिल्या वर्षीची चूक

पहिल्या वर्षी आम्ही हौसेने वीस-बावीस मुलं नेली. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची बाटली. "सापडेल ते भरा," असं सांगितलं. मुलांनी बेडकाची पिल्लं, माशांची पिल्लं, किडे, सगळं एकत्र कोंबलं. झाकणं घट्ट लावली. बाटल्या अंगणवाडीच्या खिडकीत मांडल्या. पाणी गढूळ दिसलं म्हणून वरून नळाचं स्वच्छ पाणी घातलं.

संध्याकाळी अर्धे जीव मेले होते. सकाळी सगळेच. खोलीभर वास सुटला. सात वर्षांची एक मुलगी बाटली हलवून विचारत होती, "मावशी, हे झोपले का?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. पुढच्या रविवारी ती आलीच नाही.

काय चुकलं ते नंतर समजून घेतलं. पाण्यातल्या जिवालाही श्वास लागतो. थंड पाण्यात हवा जास्त विरघळते, तापलेल्या पाण्यात कमी. खिडकीतल्या उन्हात बाटली तापली, त्यात गर्दी, वर झाकण. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ती आपल्याला रोगजंतूंपासून वाचवते, पण बेडकाच्या कोवळ्या पिल्लाला आणि माशाला सोसत नाही. शिवाय शिकारी आणि शिकार एकाच बाटलीत. चतुराच्या अळीने शेजाऱ्यालाच खाल्लं.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच होती. बाटलीत भरायचं, मेलं की फेकायचं, हेच आम्ही त्या दिवशी मुलांना शिकवलं. तेव्हापासून आमचा नियम एकच: पाहायचं काठावर, सोडायचं जिथून घेतलं तिथेच. घरी काही न्यायचं नाही.

आधी मुलांचा जीव

पाण्याजवळ मुलं न्यायची म्हणजे जबाबदारी आहे. आमचे नियम असे आहेत.

दर चार-पाच मुलांमागे एक मोठी बाई. तिने त्या वेळी दुसरं काम करायचं नाही, मोबाइलही बघायचा नाही. आदल्या दिवशी आम्ही दोघी-तिघी जाऊन जागा पाहतो, काठी टेकवत तळ चाचपतो. काठ उतरता हवा, तळ घट्ट हवा. मुलांनी घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. लहान मुलं कोरड्यावरच बसतात. पाऊस पडत असेल किंवा सांडवा वाहत असेल तर त्या दिवशी जायचं नाही.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर मुलांना कधीच नेऊ नका. ओल्या प्लास्टिकवर पाय घसरतो आणि मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. जिथून मुरूम किंवा माती खणून नेली आहे अशा खड्ड्यांवरही नको. तिथे एका पावलात खोल पाणी लागतं.

सोबत लांब दोर, लांब बांबू आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा डबा ठेवा. डब्याला दोर बांधून ठेवा. कोणी पाण्यात पडलं तर उडी मारू नका. डबा फेका, बांबू पुढे करा, काही नसेल तर साडीचा पदर सोडून टाका. पोहता न येणारी बाई पाण्यात उतरली की एकाऐवजी दोन जीव जातात. बाहेर काढलेल्या मुलाला उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका. त्यात वेळ जातो. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करायचं आणि दुसरीने १०८ ला फोन करायचा. हे कसं करतात ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून आधीच शिकून घ्या.

पायाला किंवा हाताला जखम असलेल्या मुलाने पाण्यात हात घालायचा नाही. घरी परतण्याआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, आणि तेही तलावात नाही, सोबत नेलेल्या पाण्याने. जळू चिकटली तर ओढून काढू नका, नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा, ती सुटते. मग जागा धुवा. साप दिसला तर तो बिनविषारी पाणदिवड आहे की दुसरा, याची चर्चा करू नका. मुलांना शांतपणे मागे घ्या.

आणि एक. बऱ्याच तलावांत मासेमारीचा हक्क मच्छीमार संस्थेकडे असतो. त्यांना आधी सांगा. आमच्याकडचे ढिवर काका आता स्वतः येतात आणि आमच्यापेक्षा चांगलं शिकवतात.

सामान घरचंच

चहाची मोठी गाळणी बांबूच्या काठीला तारेने घट्ट बांधा. मोठं जाळं हवं असेल तर जाड तार वाकवून गोल करा आणि त्याला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा शिवा. पाहण्यासाठी पांढरं, पसरट भांडं लागतं. स्टीलच्या ताटात चमक येते, काही दिसत नाही. पांढऱ्या प्लास्टिकची पाटी किंवा पांढऱ्या डब्याचं झाकण चांगलं. दोन-तीन वाट्या, एक जुना चमचा, वही, पेन्सिल. भिंग मिळालं तर उत्तम.

भांड्यात तलावाचंच पाणी घ्या, दोन बोटं खोल. भांडं सावलीत ठेवा. सकाळी आठ ते दहा ही वेळ बरी. आमच्याकडे पोळा झाल्यापासून थंडीपर्यंतचे दिवस चांगले. पाणी भरलेलं असतं, गवत वाढलेलं असतं. उन्हाळ्यात उरलेल्या डबक्यात सगळे जीव दाटीवाटीने दिवस काढत असतात, तेव्हा त्यांना त्रास देऊ नका.

गाळणी गवतातून हळू फिरवायची, मग भांड्यात उलटी करून बुडवायची. जीव आपोआप सुटतो. बोटांनी खुडायचा नाही. गाळणीत अंड्यांचा पुंजका आला तर तसाच परत. कासवाला हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, ते पकडणं गुन्हा आहे. एका भांड्यात एका वेळी आठ-दहाच जीव. पंधरा-वीस मिनिटं पाहायचं आणि सोडायचं.

"हा श्वास कुठून घेतो?"

मुलांना नावं पाठ करायला लावू नका. एकच प्रश्न विचारा, "हा श्वास कुठून घेतो?" त्या एका प्रश्नातून कोणाचं घर कुठे आहे ते कळतं.

पाण्याच्या अगदी वर लांब पायांचे, हलके किडे सरसर धावतात. त्यांना आम्ही निवळ्या म्हणतो. त्यांचं घर पाण्याच्या पाठीवर आहे. त्या पाण्यात उतरतच नाहीत, वरची हवा घेतात. त्यांच्या पायांवर बारीक केस असतात, ते भिजत नाहीत. त्या बुडत कशा नाहीत, हे घरी दाखवता येतं. वाटीभर पाण्यावर शिवणाची सुई आडवी, अगदी अलगद ठेवा. सुई पाण्यावर राहते. आता साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. सुई बुडते. पाण्याची पाठ ताणलेल्या कापडासारखी असते आणि साबण तो ताण कमी करतो. हे पाहून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आई धुणं धुते तिथं निवळ्या नसतात." आम्ही पुढच्या वेळी जाऊन पाहिलं. खरंच दिसल्या नाहीत.

गवतात पाणविंचू सापडतो. मागे लांब शेपटी, म्हणून मुलं घाबरतात. पण ती नांगी नाही. ती श्वासाची नळी आहे. नळीचं टोक पाण्यावर काढून तो खाली लपून बसतो. मात्र तो तोंडाने चावा घेऊ शकतो, म्हणून हातात धरायचा नाही.

तिथेच एक चपटा, तपकिरी, मोठ्या ढेकणासारखा किडा मिळतो. कधी कधी त्याच्या पाठीवर अंडी ओळीने चिकटवलेली दिसतात. मुलं म्हणतात, "ही आई." आम्ही सांगतो, "नाही, हा बाप." मादी नराच्या पाठीवर अंडी घालते आणि पिल्लं निघेपर्यंत नर ती वागवतो. हे ऐकून आमच्या बाया किती हसल्या ते विचारू नका! पण हाही जोरात चावतो, चमच्यानेच उचला.

बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाला पुस्तकात भैकेर म्हणतात. लहानपणी तो माशासारखा कल्ल्यांनी श्वास घेतो. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. शेपूट गळून पडत नाही, ती अंगातच जिरते. तोवर आत फुप्फुसं तयार होतात आणि बेडूक काठावर येतो. म्हणून त्याला पाणीही हवं आणि चढून येता येईल असा काठही हवा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चिखलाजवळ चतुराची अळी असते. पावसाळ्यानंतर धानावर उडणारा चतुर तुम्ही रोज पाहता. त्याचं बालपण पाण्यात जातं, काही आठवडे ते काही महिने. ती मळकट, बसकी असते. मागच्या बाजूने पाणी आत घेऊन त्यातूनच ती श्वास घेते. तेच पाणी जोरात बाहेर सोडलं की झपकन पुढे सरकते. तिचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेल्या हातासारखा असतो. शिकार जवळ आली की तो झटक्यात बाहेर येतो. वाढ पूर्ण झाली की ती गवताच्या काडीवर चढते, पाठ उकलते आणि चतुर बाहेर पडतो. काडीला चिकटलेली ती रिकामी साल मुलांना शोधायला लावा. ती मात्र खुशाल घरी न्यावी, त्यात जीव नसतो.

अगदी गाळात बारीक लाल अळ्या सापडतात. त्या लाल का? त्यांच्यात आपल्या रक्तासारखंच लाल द्रव्य असतं. कमी हवेच्या, घाण पाण्यातही त्या त्याच्या जोरावर जगतात. जिथे नुसत्या लाल अळ्याच सापडतात आणि बाकी कोणी नाही, तिथल्या पाण्याची तब्येत बरी नाही असं समजावं. पण उलट समजू नका. भरपूर जीव आहेत म्हणून पाणी पिण्यालायक आहे, असं होत नाही. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. प्यायचं पाणी शुद्ध करूनच प्यायचं.

डासाची गोष्ट

डासाच्या अळ्या मुलांना नक्की दाखवा. त्यासाठी तलावावर जायची गरज नाही. परसातलं जुनं टायर किंवा रांजण पाहा. डोकं खाली, शेपटी वर करून वळवळत लोंबकळतात त्या साध्या किंवा डेंगीच्या डासाच्या अळ्या. पाण्याच्या पाठीला समांतर, आडव्या पडून राहतात त्या मलेरियाच्या डासाच्या. दोन्ही वर येऊन हवा घेतात.

आम्ही एका भांड्यात तलावाचं पाणी घेतलं, त्यात डासाच्या वीस अळ्या मोजून टाकल्या आणि चतुराची एक अळी सोडली. दुसऱ्या भांड्यात नुसत्या वीस अळ्या. दोन्ही भांड्यांवर जाळी बांधली, म्हणजे डास झालाच तर उडून जाणार नाही. दुसऱ्या दिवशी मुलांनी मोजलं. दुसऱ्या भांड्यात वीसच्या वीस होत्या. पहिल्यात सहा. चतुराची अळी परत तलावात सोडली आणि उरलेल्या डासांच्या अळ्या कोरड्या मातीवर ओतल्या. परत सोडायच्या नियमाला एवढाच अपवाद.

याचा अर्थ तलावात डास होत नाहीत असा नाही. काठाला आणि धानाच्या बांधीतही होतात. पण तिथे त्यांना खाणारेही असतात. टायरात, करवंटीत, रांजणात खाणारं कोणी नसतं. गरमीच्या दिवसांत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य खातं आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हापासून रांजण रिकामे करायची आठवण तीच आम्हाला करून देतात.

दोन काठ

आता ती शेवटी सांगायची गोष्ट.

आमच्या तलावाच्या एका बाजूला मागे जेसीबीने गाळ काढला. काठ सरळ भिंतीसारखा कापला गेला, पाणी एकदम खोल. दुसऱ्या बाजूचा काठ अजून उतरता आहे, पाणगवत आहे. मागच्या वर्षी मुलांपैकी कोणीतरी विचारलं, "आपण नेहमी याच बाजूला का येतो?" मग आम्ही ठरवलं, दोन्ही बाजू पाहू. एकाच सकाळी, तीच गाळणी, दोन्हीकडे दहा-दहा वेळा. कापलेल्या काठावर मुलांना नेलं नाही. ढिवर काकांनी डोंग्यातून गाळणी फिरवली आणि भांडं आणून दिलं.

गवताच्या काठाला तेरा प्रकारचे जीव मिळाले. कापलेल्या काठाला तीन.

कारण मुलांनीच शोधलं. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून गवत उगवतं. गवत पाण्यात हवा सोडतं. गवतात लपायला जागा, अंडी चिकटवायला काड्या, चतुराला चढायला देठ, बेडकाला बाहेर यायला उतार. काका म्हणाले, "मरळीची पिल्लं गवताच्याच आडोशाने वाढतात. गवत गेलं की मासोळी गेली." सरळ काठाला यातलं काही नाही. आणि त्या काठावरून एखादं मूल घसरलं तर तेही बाहेर येऊ शकत नाही.

म्हणजे जो काठ बेडकाला चढता येतो, तोच आपल्या लेकराला चढता येतो.

यंदा ग्रामसभेत उरलेला गाळ काढायचा विषय आला. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून गाळ शेतात जाणार. आम्ही विरोध केला नाही. गाळ काढायलाच हवा, तलाव उथळ होत चाललाय आणि गाळ शेताला सोनं आहे. बेशरमही उपटायलाच हवी, ती काठ व्यापते आणि चांगल्या गवताला जागा ठेवत नाही. आमचं म्हणणं एवढंच होतं, की मध्ये खोल करा, काठ उतरता राहू द्या आणि एका बाजूचं गवत हलवू नका.

आधी कोणी ऐकेना. "किड्यांसाठी काम अडवता का?" असंही एकाने विचारलं. तेव्हा आमच्यातल्या एकीने मुलांचा तक्ता पुढे ठेवला. एका रकान्यात तेरा चित्रं, दुसऱ्यात तीन. मग काका मासोळीबद्दल बोलले. मग एक म्हातारी आजी उठून म्हणाली, "माझी गाय त्या कापलेल्या काठावर पाणी पीत नाही, भिते." शेवटी ठराव झाला: दक्षिणेकडचा काठ उतरता ठेवायचा आणि तिथलं गवत सोडायचं. काम उन्हाळ्यात आहे. कागदावरचा ठराव जेसीबी चालवणाऱ्याला ठाऊक नसतो, म्हणून त्या दिवशी आम्ही पाळीवर उभ्या राहणार आहोत.

तो तक्ता काढणाऱ्यांत ती बाटली हलवणारी मुलगीही होती. दुसऱ्या वर्षी ती परत आली. पहिलं भांडं रिकामं होईपर्यंत पाण्याकडे पाहत उभी राहिली आणि सगळे जीव गेले याची खात्री करूनच घरी गेली. आता दर वेळी सगळ्यात शेवटी भांडं तिच्याच हातात असतं.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात तलाव नसेल, तर बोडी असेल, ओढ्याचा डोह असेल, धानाची बांधी असेल. गटाच्या एका बैठकीत जागा पाहायचं ठरवा. एक गाळणी, एक पांढरं भांडं आणि एक दोर एवढ्यावर सुरुवात होते. आधी आपण बायांनीच जाऊन पाहा, मग मुलांना न्या. आणि तुमच्या तलावाचा गाळ निघणार असेल, तर काम सुरू होण्याआधी दोन्ही काठ मोजून ठेवा.